बटणाची जागा

तिने दुधाचं पातेलं उजवीकडच्या ओट्यावर ठेवलं आणि सांडशीची पकड सोडली. उजवीकडे ओटा नव्हता. तो तेराव्या घरात होता. पातेलं खाली आपटलं, कोमट दूध तिच्या पावलांवरून वाहत नव्या फरशीवर पसरलं, आणि रिकामी सांडशी हातात धरून ती बघत राहिली.

"कोणत्या घरात आहेस?" आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.

"तेराव्या."

"मग बरं आहे. मी परवा नवव्यात होतो."

परवा दुपारी तो झोपेतून उठून सरळ भिंतीवर चालत गेला होता. नवव्या घरात त्या जागी दार होतं. कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं, आणि ते समोर आलं की मिस्त्री दुसरीकडे तोंड करून खोकत असे.

हा त्या घरचा जुना आजार होता. कोणी ढुंकून बघणार नाही असं पडीक घर तो विकत घ्यायचा आणि दोघं तिथेच राहायला जायची. एका खोलीत संसार मांडायचा, बाकीच्या फोडायच्या. मग ती खोली फोडायची वेळ आली की संसार उचलून शेजारच्या खोलीत. दीड-दोन वर्षांत घर माणसांत आलं की कोणीतरी ते विकत घ्यायचं आणि ही दोघं पुढच्या पडक्या घराच्या मागे लागायची. सव्वीस वर्षांत चौदा घरं. पत्ते लक्षात राहत नव्हते, नुसते आकडे होते. "पाचव्यात गच्ची होती," "अकराव्यात उंदीर फार," असं बोलणं चालायचं, आणि ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला वाटायचं की ही माणसं शाळेच्या वर्गांबद्दल बोलताहेत.

घर बघायला जाताना नवऱ्याच्या खिशात एक काचेची गोटी असायची. ती जमिनीवर सोडायची आणि कुठे पळते ते बघायचं, म्हणजे घराचा कल कळतो. मग बोटाच्या पेराने भिंती वाजवायच्या, कोपऱ्यात नाक खुपसून ओल हुंगायची. मालक बिचारा घराचं कौतुक सांगत असायचा आणि हा भिंतीला कान लावून उभा.

"आपण घरांचे डॉक्टर," तो म्हणायचा. "पेशंटमध्ये जीव गुंतवायचा नाही."

"डॉक्टर पेशंटच्या पोटात बिऱ्हाड करत नाहीत," ती म्हणायची.

चौदाव्या घरात मात्र तिचा जीव गुंतला होता. कारण विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, चारच्या सुमाराला मधल्या पायरीवर ऊन यायचं, आणि तिचे दुखरे गुडघे त्या उन्हात बरोबर मावायचे. रंगकाम सुरू झाल्यापासून रंगाऱ्याने सगळ्या काचांवर जुनी वर्तमानपत्रं डकवली होती. त्यांतून गाळून येणारा उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच. किती वाजले ते कळायचं नाही. त्या उजेडात ती दुपारी आडवी झाली की स्वप्नात एक घर यायचं. दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर, त्याला लागून पाचव्यातली गच्ची, गच्चीवरून उतरलं की सातव्यातला लांबलचक बोळ. बोळाच्या शेवटी एक अंधारी खोली. तिथे कोणीतरी तिची वाट बघतंय हे तिला माहीत असायचं, पण तिथवर पोचायच्या आत जाग यायची. गेल्या महिन्यापासून त्या स्वप्नातल्या घराला मागे तीन पायऱ्या फुटल्या होत्या.

"मला इथून हलायचं नाही," तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "टिकली बाळंतपणाला येतेय. जावई जहाजावर, त्याचं तोंड सहा महिने दिसायचं नाही. लेकीला काय फोडलेल्या भिंतींत निजवू? पंधराव्यात?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शेजारची भिंत बोटाने वाजवली.

"बोलणी झालीत गं," एवढंच म्हणाला.

टिकली म्हणजे त्यांची मुलगी. आता अठ्ठावीस वर्षांची, सातवा महिना लागलेली. पण जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून पडलेलं नाव राहिलं ते राहिलंच. तिचं सगळं लहानपण या घरातून त्या घरात गेलं. कॉलेजच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' या रकान्यात तिने 'बदलत असतो' असं लिहिलं होतं आणि कारकुनाने तो फॉर्म घरी पाठवून दिला होता. घरात सगळी पोट धरून हसली. आईही हसली. मग ती भांडी घासायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

घर घेणारी बाई सोमवारी यादी घेऊन आली. सह्या शनिवारी व्हायच्या होत्या, ताबा महिनाअखेरीला. बाई नीटनेटकी होती, बोलायला गोड होती, आणि हातात टेप घेऊन फिरत होती. न्हाणीघरातली फरशी खरखरीत हवी. पुढच्या दाराला आतून दुसरी कडी हवी. हॉलचा रंग अगदी हाच, पण जरासा वेगळा. नवरा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे. सहाव्या घरात एका गृहस्थांसाठी त्याने अख्खी भिंत पाडली होती, आणि त्यांच्या बायकोसाठी आठवड्याच्या आत तीच भिंत पुन्हा बांधून दिली होती.

मधल्या लहान खोलीत बाई थबकली.

"हे बटण इतकं खाली कोणी बसवलं?"

दाराच्या आत, उजव्या हाताला, कमरेच्याही खाली दिव्याचं एकटंच बटण होतं.

"आमच्या वायरमनची खोड आहे," बायको घाईने पुढे होत म्हणाली. "प्रत्येक घरात एक तरी असं बसवतो. मी सांगून सांगून थकले."

आणि ते खरंच होतं. कितीतरी वर्षं ती त्या वायरमनला याच गोष्टीवरून झापत आली होती. तो तोंडातून ब्र काढत नसे. "चुकलं, वहिनी," म्हणायचा आणि पुढच्या घरात पुन्हा तेच करून ठेवायचा.

"वर घेऊन द्या," म्हणत बाईने यादीत एक ओळ वाढवली.

नवरा तेवढ्यात खिशातून गोटी काढून जमिनीचा कल बघायला बसला होता. तो कल त्यानेच महिन्यापूर्वी नीट करून घेतला होता.

बुधवारी टिकली आली ती सगळं सामान घेऊनच. पुढे प्रवास नको, करायचा तर आत्ताच करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दारातून आत येऊन तिने बॅग टेकवली, कमरेवर हात ठेवून एक मोठा श्वास घेतला.

"हे चौदावं का? वास तोच आहे."

"कसला?"

"चुना आणि चहा."

आईने तिला महिनाअखेरीचं सांगितलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं.

"मग पंधराव्यात जाऊ," टिकली म्हणाली. "मी काय पहिल्यांदा सिमेंट खातेय? बाळालाही सवय होईल."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की आईला गलबलून आलं. लेक रुसली असती, भांडली असती तर परवडलं असतं. जेवणं झाली, टिकलीला मधल्या खोलीत पलंग घालून दिला, आणि ती पाठ टेकताच झोपली. बाप मागच्या पायऱ्यांना सिमेंट लावत बसला. आई स्वयंपाकघरात डबे पुसत राहिली. घर सामसूम झालं.

दुपार उतरली. वर्तमानपत्रांमागचा उजेड आधी पिवळट झाला, मग राखी, मग उरलाच नाही. मधल्या खोलीत तर आता डोळ्यांत बोट घातलं तरी दिसलं नसतं. पोरगी अवघडलेली, घर नवखं, वाटेत रंगाचे डबे. आईच्या एकदम लक्षात आलं आणि ती हातातलं फडकं टाकून निघाली. दाराशी पोचते तोच आत पलंग करकरला. अनवाणी पावलं वाजली. चार पावलं, न थांबता, न चाचपडता. मग टक् असा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून उजेड आईच्या पायांवर पडला.

टिकलीने दार उघडलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बटण कुठे आहे ते तुला कोणी सांगितलं?" आईने विचारलं.

"कुठे म्हणजे?" टिकलीने जांभई दिली. "असतं तिथेच तर होतं."

"इतकं खाली कुठे असतं?"

"आपल्याकडे असतं." ती केस बांधायला लागली. "हॉस्टेलवर चार वर्षं मी कमरेपाशी भिंत चाचपडायचे. मैत्रिणी म्हणायच्या, ही भिंतीला गुदगुल्या करते. सासरी अजून चाचपडते. आपल्याकडे आलं की कसं, हात टाकला की हाताखाली." मग एक डोळा उघडून म्हणाली, "न्हाणीघर कुठेय? ते मेलं दर वेळी बदलता तुम्ही."

आईने हाताने दाखवलं. मागच्या दारात नवरा थापी हातात धरून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तिने त्याच्याकडे पाहिलं तसा तो वळला आणि झालेल्या पायरीवर पुन्हा सिमेंट लावायला लागला.

वायरमन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. केस पार पिकलेला, कमी बोलणारा माणूस. मधल्या खोलीत जमिनीवर बसून त्याने पिशवीतून पेचकस काढला आणि त्याच्याबरोबर वायरचा एक दीड-दोन हात लांब तुकडा बाहेर आला. जुना, कडक झालेला, दोन्ही टोकांना लाल पट्टी गुंडाळलेली. त्याने तो चटकन पिशवीत कोंबला.

"काय आहे ते?" ती म्हणाली.

"काही नाही, वहिनी."

"दाखव."

वायरमनने आधी मागच्या दाराकडे बघून घेतलं. मग तुकडा काढून एक टोक जमिनीला टेकवलं आणि भिंतीला धरला. दुसरं टोक नेमकं बटणाशी आलं.

"दुसऱ्या घरापासून आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "साहेबांनी टिकलीताईंना भिंतीपाशी उभं केलं, जमिनीपासून खांद्यापर्यंत वायर धरली आणि कापून दिली. म्हणाले, पोरीच्या खोलीचं बटण इथे. घर कुठलंही असो."

ती तिथेच पलंगावर बसली. दुसरं घर. टिकली चार वर्षांची. दोघं मागच्या अंगणात फरशी कापायचं यंत्र चालवत होती. पोरगी झोपेतून उठली तेव्हा अंधार पडला होता. तिने हाका मारल्या असतील, रडली असेल. त्या यंत्रापुढे कोणाला काय ऐकू येणार? दोघं आत आली तेव्हा ती भिंतीच्या कडेला बसल्या बसल्या झोपली होती. तिच्या डोक्यावर, ओल्या रंगात, चिमुकल्या तळव्यांचे ठसे एकावर एक वर चढत गेले होते. सगळ्यात वरचा ठसा बटणाच्या वीतभर खाली संपला होता. रंगाऱ्याने कपाळाला हात लावला. आई हसली होती. हसून तिने दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा रंगवून घेतली होती. नवरा हसला नव्हता. त्या दिवशी तो जेवलाही नव्हता, हे तिला आज, चोवीस वर्षांनी आठवलं.

"मला कधी बोलला का नाहीस?"

"साहेब म्हणाले, वहिनींना सांगू नकोस, हसतील."

"आणि तू इतकी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास?"

"ते कामातच धरलं होतं, वहिनी." त्याने पेचकस उचलला. "मग, वर घेऊ ना?"

"आज राहू दे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी कर."

त्या दुपारी ती मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसली आणि उन्हात तिचा डोळा लागला. स्वयंपाकघर आलं, गच्ची आली, बोळ आला. या वेळी जाग आली नाही. ती अंधाऱ्या खोलीच्या दाराशी पोचली, उजवा हात सैल सोडला, आणि भिंत जिथे असते तिथे भिंत होती, बटण असतं तिथे बटण. तिला वाटलं, दुसऱ्यापासून पुढे आपण विकलेल्या बारा घरांत या घटकेला कोणाकोणाची पोरं उठत असतील आणि कोणालाही हाक न मारता दिवा लावत असतील. जागी झाली तेव्हा ऊन खालच्या पायरीवर उतरलं होतं. तिला नवऱ्याचा राग आला. इतकी वर्षं शेजारी निजून एवढी गोष्ट पोटात ठेवतो म्हणजे काय? मग राग ओसरला आणि नुसतीच माया उरली, तिचं काय करायचं ते मात्र तिला कळेना.

शुक्रवारी बाई काम बघायला आली. फरशी खरखरीत झाली होती. कडी बसली होती. हॉलचा रंग हाच पण जरासा वेगळा झाला होता. बाई खूश होती. मधल्या खोलीत आली आणि तिने यादी काढली.

"हे राहिलंच की."

बायको काहीतरी सबब सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला,

"ते हलणार नाही."

बाईला वाटलं, भिंतीत काही अडचण असेल. "असू दे. आम्ही ताबा घेतल्यावर करून घेऊ."

"नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला असावा, कारण त्याने घसा खाकरला. "मग घर देता यायचं नाही."

"बटणासाठी?"

"बटणासाठी."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बायकोकडे पाहिलं, हा माणूस बरा आहे ना अशा नजरेने. बायको पदराने पलंगाची दांडी पुसत होती. दांडी स्वच्छ होती.

"उद्या सह्या आहेत," बाई म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय."

"हो. चूक माझी आहे. मी तुम्हाला दुसरं घर शोधून देतो. याच्यापेक्षा चांगलं, पुढचं, पंधरावं. आजपर्यंत मी कोणाला नाही म्हटलेलं नाही, तुम्ही कोणालाही विचारा. फक्त हे..." त्याने भिंतीवर हात ठेवला, पण वाजवली नाही.

बाई चिडली आणि तिचं काही चुकत नव्हतं. बरंच बोलली. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ती गेल्यावर फाटकाची कडी दोनदा वाजली आणि घर पुन्हा शांत झालं. नवरा-बायको स्वयंपाकघरात आली. तिने चहाचं आधण ठेवलं. तो दारातच उभा राहिला, उजवीकडच्या रिकाम्या भिंतीकडे बघत.

"मिस्त्रीला सांगतो," तो म्हणाला. "इकडे एक ओटा बांधून घेऊ. तुझा हात इकडे जातो."

तिने साखरेचा डबा उघडला आणि किती चमचे घातले ते विसरली.

"बाबा!" मधल्या खोलीतून टिकलीने हाक मारली. "दवाखान्याचा फॉर्म भरतेय. घर नंबर काय आपला?"

"चौदा," तो म्हणाला.

"तो नाही हो, खरा."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने त्याच्याकडे. कागद सगळे वकिलाकडे होते. दोघांपैकी कोणालाच नंबर माहीत नव्हता. सव्वीस वर्षांत कधी तो लक्षात ठेवायची वेळच आली नव्हती.

"बघून येतो," म्हणत तो पायांत चपला न घालताच बाहेर गेला. ती मागोमाग दारापर्यंत गेली. फाटकाच्या खांबावर नंबराची छोटी पाटी होती, पण रंगाऱ्याने खांब रंगवताना पाटीवरूनही हात फिरवला होता. नुसता एक गुळगुळीत उंचवटा दिसत होता. नवरा त्याच्यासमोर उकिडवा बसला, खिशातून किल्ली काढली आणि रंग खरवडायला लागला.

"सहा!" तो तिथूनच ओरडला.

"सहा," आतून टिकली म्हणाली. "पुढे?"

"थांब जरा," तो म्हणाला. "खरवडतोय."